वैदिणीचा खरा शेवट

सिस्टर, ‘आरसेगड’च्या चौथ्या भागाचा शेवट मी तुम्हाला खोटा सांगितला. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला धीर येईल. तुम्ही कॉटवर डोळे मिटून पडला होतात, मी शेजारच्या खुर्चीत पुस्तक उघडून बसले होते, नजर छापील ओळींवर होती आणि तोंडानं मी भलतंच बोलत होते. आरसेगडाची तारामणी वैदीण पुस्तकात मरते. मी तिला जगवलं. तुम्हाला जाऊन दोन आठवडे झाले, पण या एका गोष्टीपायी मला घास गोड लागलेला नाही.

पुण्यानुमोदनाला, तुमच्या आठवणीसाठी सगळे जमले त्या दिवशी, तुमच्याबद्दल लोक खूप बोलले. दवाखान्यातले डॉक्टर बोलले, शिरोळहून आलेले तुमचे धाकटे भाऊ बोलले. किती जणींची बाळंतपणं केलीत, रात्रपाळ्या करून लेकीला, सुजाताला कसं शिकवलंत, सगळं खरंच होतं. मग मला म्हणाले, बाई, तुम्ही दोन शब्द बोला. मी उभी राहिले आणि तशीच खाली बसले. जन्मभर वर्गात बडबड केलेली मी, पण त्या दिवशी दातखीळ बसली. कारण मला जे सांगायचं होतं ते तुमच्या फोटोसमोर चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. फोटोखाली तुमचं नाव लिहिलं होतं, नलिनी. आपण दोघींनी कधी एकमेकींना नावानं हाक मारली नाही. मी सिस्टर म्हणायचे, तुम्ही बाई म्हणायचा, आणि त्यातच सगळं भागलं.

तुम्हाला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. आमच्या राजारामपुरीच्या गल्लीतल्या क्लासची खोली रविवारी सकाळी मोकळी असायची. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथं दोन कपाटं ठेवली आणि पोरांना पुस्तकं वाचायला द्यायला लागले. थोरामोठ्यांची चरित्रं जिथल्या तिथं राहायची. पोरं न्यायची ती जादूची, साहसाची, बोलत्या प्राण्यांची आणि अदृश्य किल्ल्यांची. मी मराठीची शिक्षिका, मला ही पुस्तकं फारशी पटायची नाहीत. पण कपाट रिकामं व्हायला लागलं की आमच्यासारख्यांची तत्त्वं जरा सैल होतात.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते भांडायला. शेजारच्या मुलीचा हात धरून दारात उभ्या राहिलात. तिचा गुडघा सोलवटला होता आणि त्यावर तिनं उदबत्तीची राख थापली होती, कारण ‘आरसेगड’च्या पहिल्या भागात जादूगार तसंच करतो. पोरास्नी ही पुस्तकं कोण देतंय, म्हणून तुम्ही विचारलंत. मी देते म्हटल्यावर पुढचा प्रश्न, वाचून देता का तशीच देता? मी खरं सांगितलं, पहिली पन्नास पानं वाचली आहेत. तुम्ही पुस्तक पिशवीत टाकलंत आणि तपासून आणते म्हणालात. पुढच्या रविवारी आलात ते दुसरा भाग मागायला.

तेव्हापासून एकही रविवार तुम्ही चुकवला नाही. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी कोरा कागद चिकटवायचा आणि वाचणाऱ्यानं त्यावर अभिप्राय लिहायचा, ही पद्धत माझी. पण ‘छान’ आणि ‘आवडलं’ हे दोन शब्द लिहायचे नाहीत, हा कायदा तुमचा. छान तर दोडक्याची भाजीपण असती, म्हणायचा. पुस्तक मधेच कुठल्या पानावर खाली ठेवलं आणि का, हे पोरांनी लिहायचं. त्यामुळं आमच्या कागदांवर जे उमटलं ते कुठल्या मासिकात छापून येणार नाही. ‘जादूगार लई बोलतो, काम कमी करतो.’ ‘ड्रॅगनला भूक लागत नाही का, तो पूर्ण पुस्तकात एकदाच जेवला.’ आणि या सगळ्यांच्या खाली तुमचं ते केसपेपरवरचं सरळ, बारीक अक्षर. पान एकशे चाळीसवर खांद्यात बाण घुसला, एकशे बावन्नवर हाच माणूस मिठी मारतो, टाके कोणी घातले? राजपुत्र तीन दिवस उपाशी, चौथ्या दिवशी तलवार चालवतो, चक्कर का येत नाही? मी हसायचे. पोरं मात्र तुमचा अभिप्राय आधी वाचायची आणि मग पुस्तक घरी न्यायची.

एका पुस्तकात जादूगार नुसता हात वर करून महापूर दुभंगतो आणि गाव वाचवतो. सगळ्या पोरांना ते प्रकरण फार आवडलं होतं. तुम्ही खाली एवढंच लिहिलंत, ‘गाळ कोणी काढला?’ मी म्हटलं, सिस्टर, ही कल्पनेतली गोष्ट आहे. तेव्हा तुम्ही तुमच्या माहेरचं, शिरोळच्या पुराचं सांगितलंत. पाणी उतरल्यावर होडीवाल्याचा सत्कार झाला आणि तुमची आई नि चुलत्या महिनाभर शाळेतला, देवळातला, विहारातला चिखल खरवडत होत्या. “पुराचं जादूगार लई असत्यात बाई, चिखलाचं कुणीच नसतंय,” असं म्हणालात. त्या दिवसापासून मी ही पुस्तकं नीट वाचायला लागले. पन्नास पानांवर थांबणं सोडलं.

तुमचा खरा राग होता तो पुस्तकातल्या मरणावर. म्हणजे मरण आहे यावर नाही, ते कसं लिहितात यावर. म्हातारा गुरू छातीत भाला घेऊन दीड पान उपदेश करतो, हे तुम्हाला अजिबात खपायचं नाही. तुम्ही पोरांना सरळ सांगायचा की मी लई माणसं जाताना बघितल्यात, कुणी उपदेश करत न्हाई. पाणी मागतंय, न्हाईतर कूस बदलून द्या म्हणतंय. पोरं तोंडाचा आ करून ऐकायची आणि मी घाईघाईनं भडंगाचा डबा उघडायचे, विषय बदलावा म्हणून. तुमच्या ते लक्षात यायचं. तुम्ही भडंग खायचा आणि राहिलेलं पुढच्या रविवारी सांगायचा.

तारामणी वैदीण दुसऱ्या भागात आली आणि तुमचा जीव भांड्यात पडला. पाणी उकळून घेणारी, जखम धुणारी, मंत्र म्हणण्याआधी नाडी बघणारी. तुमचा अभिप्राय मला तोंडपाठ आहे, ‘या पुस्तकात अखेर एक बाई हात धुते.’ पोरांनी तुम्हाला वैदीण म्हणायला सुरुवात केली ती तेव्हापासून. तुम्ही वरवर दटावलंत, पण त्यानंतर चार रविवार तुम्ही नवं जर्मन चांदीचं कानातलं घालून आलात, हे मी पाहिलं होतं. पुस्तकातल्या वैदिणीच्या कानात तसंच होतं.

आता त्या चिकटवलेल्या पानांबद्दल. तिसऱ्या भागात मेखलाचा घोडा मरतो. मेखला म्हणजे या सगळ्या गोष्टीची नायिका आणि तो घोडा पहिल्या भागापासून तिच्याबरोबर. सहावीतली एक मुलगी ते वाचून जेवेना. तिची आई माझ्याकडं येऊन गेली. मी काय केलं, त्या प्रकरणातली दोन पानं डिंकानं एकमेकांना चिकटवून टाकली. पुढचा मजकूर असा होता की घोडा मागं राहिला आणि मेखला चालत निघाली, एवढंच वाटावं. दोन महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. मग पुस्तक तुमच्या हातात गेलं. तुम्ही ते पान खिडकीसमोर धरून बघितलंत, घरी जाऊन चहाच्या आधणाच्या वाफेवर धरून सोडवलंत आणि फुगलेलं पुस्तक माझ्या टेबलावर आणून ठेवलंत. या पानाला बरं करून आणलंय, म्हणालात. आणि मग पोरांदेखत म्हणालात ते शब्द.

“पोरांना कळतंय की सगळं. भ्या त्यांना न्हाई वाटत बाई, तुम्हाला वाटतंय.”

मी तीन रविवार तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही येत राहिलात, तुमच्या जागेवर बसत राहिलात, भडंग खात राहिलात. चौथ्या रविवारी मीच विचारलं, चहा घेणार का, आणि तो वाद तिथंच राहिला. मिटला नाही, नुसता राहिला.

तेव्हा एक सांगायचं होतं, ते आज सांगते. माझे यजमान दवाखान्यात होते तेव्हा मला सगळे म्हणायचे, होतंय की बरं, तुम्ही घरी जाऊन या. मी घरी येऊन त्यांच्यासाठी डब्यात मऊ भात भरत होते आणि ते तिकडं गेले. डब्याचं झाकण लावत होते, तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यातल्या सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला नव्हतं. मला वाटायचं, त्यांनी चांगल्या मनानंच केलं. असं वाटून घेतलं नसतं तर मी त्यांना कधीच माफ करू शकले नसते. पानं चिकटवणारी बाई तिथं तयार झाली, सिस्टर. तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं. पण तुम्ही दुसऱ्याच्या दुखण्यात बोट घालणाऱ्यांतल्या नव्हता.

चौथा भाग आला तोपर्यंत तुमचं यकृत पार थकलं होतं. सुजातानं पुस्तक मागवलं, पण ते एवढं जाड की तुमच्या सुजलेल्या हातांना पेलेना. मग ठरलं, रोज चार ते पाच मी वाचून दाखवायचं. पोरांनी अट घातली, आधी सिस्टर, मग आम्ही. ते एकच पुस्तक होतं आणि ते तुमच्या उशाशीच राहील, असं त्यांनीच ठरवलं. मी आदल्या दिवशी दुसऱ्या दिवसाचा भाग डोळ्यांखालून घालायचे, शिक्षकाची खोड. सकाळी तुमच्याकडं यायचे, तुम्ही झोपलेल्या असायचा, तिथंच बसून चाळायचे. असंच चाळताना शेवटून दुसऱ्या प्रकरणात मला दिसलं की तारामणी आजारी पडली आहे. पान उलटलं, तर ती गेलेली. पुढचं मी वाचलंच नाही. पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन सुजाताला म्हटलं, आज माझा घसा बसलाय.

तीन दिवस माझा घसा बसलेला होता. त्या तीन दिवसांत मी घरी वहीत दुसरा शेवट लिहिला. पाठाचं टाचण काढावं तसा, मुद्दे घालून. वैदिणीला ताप चढतो, मेखला डोंगरावरून मुळी आणते, पहाटे घाम फुटून ताप उतरतो, वैदीण पेज मागते. मग चौथ्या दिवशी आले आणि वाचल्यासारखं करून ते सगळं म्हटलं. योग्य जागी पानंही उलटली. तुम्ही मधेच डोळे न उघडता विचारलंत, हात धुतलं का तिनं? मी म्हटलं, धुतले की, गरम पाण्यानं. तुम्ही विचारलंत, मग पुढं? मी पुढचं सांगितलं. पेज पिऊन वैदीण उठून बसली तेव्हा तुम्ही म्हणालात, बरं झालं. मला वाटलं, जिंकले. घरी जाताना रिक्षात बसून मी रडले, पण जिंकले असंच वाटत होतं. त्यानंतर चार दिवसांनी तुम्ही गेलात.

तुम्ही गेल्यानंतरच्या रविवारी पोरं आली, अगदी वेळेवर. मग नववीतली आर्या, जिच्या गुडघ्यावरची राख तुम्ही धुतली होती ती, तिनं विचारलं, चौथ्या भागाला सिस्टरांचा अभिप्राय काय होता? मी म्हटलं, दिला नाही. तिनं विचारलं, वैदीण जगती न्हवं? माझ्या तोंडावर होय आलं होतं. सिस्टर, शपथेवर सांगते, आलं होतं. मी म्हटलं, पुस्तक त्यांच्या घरी आहे, पुढच्या रविवारी आणते.

पुस्तक आणायला गेले तेव्हा सुजाता तुमची कॉट आवरत होती. मी तिला सगळं सांगून टाकलं. तुझ्या आईला मी शेवटी फसवलं, म्हटलं. ती हसायलाच लागली. हसता हसता खाली बसली.

“बाई, शेवटच्या आठवड्यात आईला गोष्ट कळतच नव्हती. औषधाचा डोस वाढवला होता, तिला मागचं वाक्य आठवायचं नाही. मला म्हणाली, बाईला सांगू नगंस. त्यांना वाचू दे, मी मधेमधे पुढं काय विचारत जाईन. त्या वाचत बसल्या की मला बरं वाटतंय आणि त्यांना पण.”

मला आधी राग आला, खरं सांगते. तीन दिवस राबून मी शेवट लिहिला, मुद्दे काढले, आवाज बसवला, आणि ऐकणारी ऐकतच नव्हती. हात धुतलं का तिनं, हा प्रश्न तुम्ही अंदाजानं टाकला होता. कुठल्याही पुस्तकात कुठल्याही पानावर चालेल असा प्रश्न. तुम्ही, ज्यांनी कधी पेशंटच्या एकाही नातेवाइकाला खोटा धीर दिला नाही, त्या तुम्ही डोळे मिटून, अगदी बेमालूमपणे मला फसवत होता. माझ्यासाठी. मी तुमच्या कॉटच्या कडेवर बसले आणि सुजाताबरोबर मीही हसले, आणि मग जे व्हायचं ते झालं. तिनं मला जवळ घेतलं. तुमच्याएवढीच जोरात पाठ थोपटते ती.

पुस्तक घरी आणलं आणि ते पान मी पहिल्यांदा सावकाश वाचलं. सिस्टर, वैदिणीचं मरण सात ओळींचं आहे. तिला बरं करायला कोणी डोंगरावर जात नाही, ती कोणाला काही शिकवत नाही. मेखलाला एवढंच म्हणते, पायावर पांघरूण घाल. मेखला पांघरूण घालते, कडा नीट खोचते, आणि वर बघते तोवर वैदीण गेलेली असते. संपलं. पुढच्या ओळीत मेखला तिची भांडी घासायला घेते, कारण बाहेर एक आजारी पोर येऊन बसलेलं असतं. इतक्या पुस्तकांतलं तुम्ही पास केलं असतंत असं हे एकच मरण, आणि ते मी तुमच्यापर्यंत पोचू दिलं नाही. तुम्हाला कळलं असतं की नसतं, तो प्रश्न वेगळा. मला वाचायला हवं होतं. ते तुमचं होतं.

काल रविवार होता. मी पोरांना आधी माझं सांगितलं, सिस्टरांना मी खरं वाचून दाखवलं नव्हतं म्हणून. मला वाटलं होतं, रागावतील. पोरांनी एकमेकांकडं बघितलं आणि मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं की मग सिस्टरांची पानं किती राहिल्यात. मी म्हटलं, अकरा. मग वाचा की, आधी सिस्टरांची संपू देत, आम्ही मग पहिल्यापासनं वाचतो, म्हणाली. सुजाताही येऊन भिंतीशी बसली होती.

मी शेवटून दुसरं प्रकरण सुरू केलं. ताप चढला तिथपर्यंत आवाज ठीक होता. पांघरुणाच्या ओळीवर आले आणि थांबले. पुढचं वाक्य पाच शब्दांचं, पण ते तोंडातून निघेना. माझी नजर भडंगाच्या डब्याकडं गेली, जुनी सवय. मग आर्या उठली, तिनं आपली पाण्याची बाटली माझ्यासमोर ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

“सावकाश वाचा बाई. आम्ही हाय की.”

मी दोन घोट पाणी प्यायले, चष्मा पुसला आणि तारामणी वैदीण गेली ते वाक्य पोरांच्या तोंडाकडं बघत मोठ्यानं वाचलं.